इराणची बातमी कोणाकडून घ्यायची?

तेहरानबद्दल इंग्रजीत रोज ढीगभर मजकूर येतो, पण तेहरानमध्ये राहून मोकळेपणाने इंग्रजीत लिहिणारे शोधावे लागतात. 'प्रेस टीव्ही' आणि 'तेहरान टाइम्स' सरकारी सूर सोडत नाहीत. 'इराण इंटरनॅशनल' हे फारसी वृत्तवाहिनीचं काम लंडनहून चालतं, त्यामुळे त्यांचा भर लोकांनी पाठवलेल्या व्हिडिओंवर आणि फोनवर. प्रत्यक्ष जागेवर जातात ते 'शर्क', 'एतेमाद'सारख्या दैनिकांचे वार्ताहर, पण ते फारसीत लिहितात. आपल्यापर्यंत त्याचा संक्षेप पोहोचतो, तोही दुसऱ्या-तिसऱ्या हातून.

सप्टेंबर २०२२ मध्ये 'शर्क'ची निलूफर हामेदी तेहरानच्या कसरा रुग्णालयात पोहोचली, म्हणून महसा अमिनीचं, म्हणजे हिजाबवरून पकडलेल्या तरुणीच्या पोलीस कोठडीनंतरच्या मृत्यूचं, प्रकरण जगाला कळलं. 'हम-मिहन' दैनिकाची एलाहे मोहम्मदी अंत्यविधीसाठी महसाच्या गावी, सक्केझला गेली. दोघींना अटक झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये जामीन मिळेपर्यंत त्या तुरुंगातच होत्या. इंग्रजीत लिहिणाऱ्यावर तर हेरगिरीचा संशय आधीच असतो: 'वॉशिंग्टन पोस्ट'चे तेहरानमधले प्रतिनिधी जेसन रेझायान ५४४ दिवस कैदेत होते. परदेशी माध्यमासाठी काम करायचं तर संस्कृती व इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाचं ओळखपत्र लागतं आणि ते कधीही काढून घेतलं जाऊ शकतं. इतकं असूनही जे लिहितात, त्यांचं लेखन आपण नीट पारखून वाचायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ पैशात होतो. कागदोपत्री चलन रियाल, पण बाजारात सगळे तुमानात बोलतात आणि १ तुमान म्हणजे १० रियाल. दुकानदाराचा आकडा बाहेरच्या संपादकाने रियाल समजून डॉलरमध्ये बदलला, की भाव दहापट स्वस्त दिसतो. तिथल्या माणसाच्या हातून ही चूक सहसा होत नाही.

तारखांचंही तसंच. इराणी वर्ष २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. इसवी साल काढताना इराणी सालात ६२१ मिळवा, पण घटना जानेवारी ते नवं इराणी वर्ष लागेपर्यंतची असेल तर ६२२. म्हणजे १४०१ चा मेहर महिना (सप्टेंबर-ऑक्टोबर) २०२२ मधला, तर त्याच वर्षाचा बहमन (जानेवारी-फेब्रुवारी) २०२३ मधला.

व्हिडिओ तेहरानचा म्हणून फिरत असेल तर अलबोर्झचे डोंगर शोधा. ते शहराच्या उत्तरेला आहेत, त्यावरून रस्त्याची दिशा कळते. वलिअस्र रस्ता चिनाराच्या झाडांवरून आणि कडेच्या पाण्याच्या पाटांवरून ओळखू येतो. बोलण्यात 'आज' असेल आणि लोक जाड कोटात, पण महिना जुलै, तर तो जुना व्हिडिओ आहे.

इंटरनेट बंद झालं की मात्र थांबायलाच हवं. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोल दरवाढीनंतर साधारण आठवडाभर देशाचा जगाशी संपर्क जवळजवळ तुटला होता. अशा दिवसांत झटपट येणारे आकडे बहुधा सरकारचे असतात किंवा देशाबाहेरच्यांचे. जागेवरचा वृत्तांत उशिरा येतो, पुष्कळदा निनावी येतो, आणि त्या माणसाच्या जिवासाठी तो निनावी असणंच योग्य आहे. तिथे नावाऐवजी गाव, तारीख, किती जणांशी बोलणं झालं आणि काय पडताळता आलं नाही, हे स्पष्ट लिहिलंय का ते बघा.