तुम्ही विचारलंत म्हणून: ते कोडवालं फुकट गेम इंजिनच का?

"अगं ताई, ते रेडिमेड टूल मिळतं ना, माऊसने नकाशा काढायचा, डायलॉग टाकायचे, झाला गेम. तू कशाला ते गोडो-बिडो घेऊन ओळीन्ओळ कोड लिहीत बसलीयेस?" हे मावसभाऊ विचारतो, ऑफिसातली मुलं विचारतात, आणि गेम बनवणाऱ्या ओळखीच्या लोकांनी तर इतक्यांदा विचारलंय की मी हल्ली "आवडतं म्हणून" एवढंच सांगून विषय बदलते. ते काही खरं उत्तर नाही. मावसभावाकडे स्वतःचं उत्तर तयारच असतं, "फुकट ते पौष्टिक", त्यावर सगळे हसतात, मीपण हसते, आणि मग सातपूरपर्यंत गाडीवर एकटीच चिडचिड करत जाते. तर एकदाचं लिहून टाकते.

आधी पैशांचं. गोडो, म्हणजे मी गेम बनवायला वापरते ते इंजिन, फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे, म्हणजे उद्या गेम विकला तरी कुणाला दमडी द्यायची नाही, आणि हे मला आवडतं, नाही कशाला म्हणू. पण फुकटच हवं होतं तर मी आधी ते रेडिमेड टूल विकत घेतलं नसतं ना. घेतलं होतं, दिवाळीच्या सेलमध्ये, बोनसमधून. आणि तेव्हा मीच सगळ्यांना ऐकवायचे की कोडिंग हा गेम पूर्ण न करायचा बहाणा आहे, गोष्ट महत्त्वाची, इंजिन काय कुठलंही चालतं. तेव्हाच्या मला आज कुणी समोर बसवलं तर आमचं कडाक्याचं भांडण होईल आणि ती बहुतेक हरणार नाही, त्याचं पुढे सांगते.

गेम गंगेच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीच्या, पुराचा आहे. नाशिकच्या लोकांना पुराची मापं सांगायची गरज नाही, ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की क्युसेकचा आकडा कुणी वाचत नाही, "मारुतीला कुठवर लागलं?" एवढंच विचारतात. गेममध्ये तोच दुतोंड्या मारुती, नदीपात्रातली उंच मूर्ती, हीच हेल्थबार आहे, म्हणजे किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, तोवर सरकारवाड्याच्या पायऱ्या, भांडी बाजार, आणि सगळ्यात शेवटी नारोशंकराच्या देवळाची घंटा. राक्षस नाहीत, तलवारी नाहीत. तीन माणसं आहेत आणि प्रत्येक पाळीला ठरवायचं, माल उचलायचा का माणूस.

यातले संवाद मी मनाने लिहिलेले नाहीत. भांडी बाजारातले एक काका आहेत, आमच्या घरची सगळी तांब्यापितळेची भांडी त्यांच्याकडचीच. १९६९च्या महापुरात ते शाळेत होते, वडिलांच्या हाताखाली हंडे-पराती माळ्यावर चढवत होते. मी रविवारी जाऊन बसायचे, ते गिऱ्हाईक नसलं की सांगायचे, मी मोबाईलवर रेकॉर्ड करायचे. गेममधल्या दुकानदाराचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं त्यांचं आहे. पहिलंच वाक्य, "किती पाणी आलं ते मारुतीला विचार, मला दुकान आवरू दे."

पहिला तुकडा चालायला लागला तेव्हा मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. संवाद आदल्याच रात्री भरलेले, एडिटरच्या चौकटीत मराठी छान दिसत होतं, कारण तिथे अक्षरं जुळवायचं काम विंडोज करतं, गेम नाही, हे मला नंतर कळलं. काकांनी वजनकाटा बाजूला सरकवून काउंटरवर जागा केली. शेजारच्या दुकानातले दोघं आले, काकांचा नातू आला. मी बाण दाबत माझ्या पात्राला दुकानापर्यंत नेलं, एंटर दाबलं, खाली निळी पट्टी उघडली आणि त्यात एकेक अक्षर उमटायला लागलं. आधी क. मग ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी. मग त. मग परत ठिपक्यांचं वर्तुळ. "पाणी"चा प आणि काना यांच्यामध्ये तसलंच भोक. "दुकान"चा उकार द सोडून भलतीकडे लोंबतोय. जोडाक्षर आलं की पाय मोडलेला अर्धा तुकडा आणि पुढे दुसरंच अक्षर. काकांनी चष्मा लावला आणि जे दिसतंय तेच मोठ्याने वाचायला लागले, "क... त... अगं ही टिंबांची कडी कसली?" नातू इतका हसला की बाहेर गेला. शेजारचे म्हणाले, व्हायरस असेल. मी पुढचा संवाद दाबला, त्याच्या पुढचा दाबला, काय माहीत कशाला, जणू एखादा तरी बरा निघेल.

काका हसले नाहीत. चष्मा काढत म्हणाले, "पण मी असा बोलतो का?"

रागाने नव्हतं ते. खरंच विचारत होते. त्या दिवशी ते मला वडिलांनी रात्री दुकान कसं सोडलं ते सांगणार होते, आधीपासून ठरलेलं होतं, पण "हे नीट झालं की ये, मग सांगतो" म्हणाले आणि पातेलं घ्यायला आलेल्या बाईंकडे वळले. तो भाग माझ्याकडे अजून नाही. तुम्ही इंजिनबद्दल विचारता तेव्हा माझ्या डोक्यात हे वाक्य असतं, लायसन्स नाही.

झालं काय होतं ते साधं आहे. ते टूल टाईपरायटरचा इफेक्ट द्यायला प्रत्येक कॅरेक्टर सुटं काढतं. इंग्रजी, जपानीला चालतं, आपल्याकडे वेलांटी हे वेगळं कॅरेक्टर, काना वेगळा, हलंत वेगळा, ते शेजारच्या अक्षराबरोबर जुळवून मगच काढावे लागतात, सुटे काढले की त्यांना आधार नसतो म्हणून ती ठिपक्यांची वर्तुळं. शालिमारजवळ एक डीटीपीवाला मित्र आहे, तो म्हणाला जुना श्रीलिपी-कृतीदेवसारखा फॉन्ट टाक, त्यात प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो, सुटा काढला तरी बिघडत नाही. आणि खरंच चालतं ते! वेलांटी आधी उमटते मग अक्षर, लग्नपत्रिका कुणी हाताने लिहितंय असं वाटतं. पण संवादाची फाईल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, काही शोधता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, आणि काकांचं बोलणं मी कचऱ्यात साठवून ठेवायचं का? मग प्रत्येक संवादाचं चित्र करून बघितलं. एक शब्द बदलला की परत चित्र. सोडलं.

गोडोची ३ नंबरची आवृत्तीही यात कच्चीच होती. मार्च २०२३मध्ये ४.० आली, तिच्यात हार्फबझ आहे, म्हणजे अक्षरं जुळवणारी तीच लायब्ररी जी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइडमध्ये असते. मी उतरवली, शंभर एमबीच्या आतली झिप, इन्स्टॉलसुद्धा करावी लागत नाही, मुक्त फॉन्ट टाकला, काकांचं वाक्य पेस्ट केलं. "किती" हे किती दिसलं. टाईपरायटर लावल्यावर मात्र जोडाक्षरं परत लुकलुकायला लागली, "क्ष" यायच्या आधी पाय मोडका क दिसायचा, कारण मुळात ते मजकूर आधी कापतं आणि मग जुळवतं. पण त्याला एक सेटिंग आहे, आधी जुळव, मग एकेक दाखव. ते बदललं आणि "क्ष" अख्खा आला. त्या रात्री मी तो एकच डायलॉग कितीतरी वेळा चालवला.

आता यावर लगेच कुणीतरी म्हणणार, त्या रेडिमेड टूललाही प्लगिन लिहून हे करता आलं असतं. आलं असतं. पण प्लगिन लिहायचं म्हणजे कोडच लिहायचा ना, मग दुसऱ्याच्या भिंतीला भोकं पाडण्यापेक्षा आपलंच घर बांधते. आणि पूर हा प्रकार स्क्रिप्टमध्ये इतका सरळ बसतो. पाण्याची पातळी एका ठिकाणी ठेवलीये, ती वाढली की सिग्नल सुटतो, ज्या दुकानाचा, पायरीचा, माणसाचा त्याच्याशी संबंध आहे ते आपापलं बघतं. तिकडे त्या टूलमध्ये प्रत्येक दुकानाला अटींची वेगवेगळी पानं भरत बसायचे आणि एखादं दुकान गळ्याइतक्या पाण्यातही उघडं राहायचं. शिवाय इथे सगळं साध्या मजकुराच्या फाईलींत असतं, काल काय बदललं ते गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, ओळीगणिक दिसतं.

युनिटी या दुसऱ्या इंजिनचं पण विचारता. सप्टेंबर २०२३मध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे फी जाहीर केली आणि वर्षभराने मागे घेतली, तेव्हा मी "बघा, मी म्हटलं नव्हतं" करून मिरवून घेतलं. खरं सांगायचं तर माझ्या गेमला ती फी कधी लागलीच नसती, तेवढी कमाई असायला पाहिजे आधी. मिरवायला मिळालं म्हणून मिरवलं.

आणि हो, जुनी मी काय म्हणेल ते मला माहितीये. ती म्हणेल, माझ्याकडे लढाई, पोतडी, सेव्ह, सगळं तयार होतं, जुळणारी अक्षरं सोडून. तुझ्याकडे जुळणारी अक्षरं आहेत, बाकी काय आहे? अख्खा पावसाळा तू पोतडीत हंडा ठेवायचा कोड लिहिलास. मग गोडोची ४.३ आली आणि जुना टाइलमॅप, म्हणजे चौकोनी तुकड्यांनी नकाशा रचायची सोय, मोडीत काढून प्रत्येक थराला वेगळा नोड, म्हणजे वेगळा घटक, करायला सांगितलं, सक्ती नव्हती तरी तू सगळा पंचवटीचा नकाशा परत सोलत बसलीस. तुझा गेम कुणी खेळलाय? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचा गेम आज इथल्या चार पोरांनी तरी खेळला असता, ठिपक्यांच्या वर्तुळांसकट. कधी कधी वाटतं खेळू द्यायला पाहिजे होता. मग काकांचं ते वाक्य आठवतं आणि वाटतं नाही. मग परत वाटतं, लोक गोष्टीसाठी खेळतात, त्यांना वेलांटीचं काय.

आठ पिक्सेल उंचीत "र्त्स्य" बसेल असा मराठी फॉन्ट कुणी केला असेल तर मला पाठवा, मुक्त फॉन्ट सुंदर आहे पण पिक्सेलच्या नकाशावर उपरा वाटतो. आणि सध्या पात्र होडीत असताना सेव्ह केलं तर ती फाईल परत उघडत नाही. हे मावसभावाला सांगू नका.