एकविसाव्या नंबरची निवड

1983 च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघानं डॅन मरीनो या खेळाडूला घेतलं नाही. हे मला भाच्यानं फोनवर सांगितलं. तो सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, आता पिट्सबर्गला नोकरीला आहे, आणि तिथली जुनी माणसं अजून या विषयावर किती तावातावानं बोलतात ते त्याला सांगायचं होतं. मी कबड्डीतली. अमेरिकन फुटबॉलशी माझा तोवर काही संबंध नव्हता. पण त्या दिवसापासून या एका निवडीबद्दल मिळेल ते वाचत गेले. कारण जे तिथं झालं ते सांगली जिल्ह्यातल्या पोरांच्या वाट्याला वरचेवर येतं.

तिकडं आपल्यासारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं, आणि पाळीपाळीनं एकेक नाव घेणारे संघ. मागच्या मोसमात जो तळाला, त्याची पाळी पहिली. ज्यानं नाव घेतलं त्याच्याकडं जायचं, पोराला निवडीचा हक्क नाही. त्या वर्षी स्टीलर्सची पाळी एकविसावी होती, आणि त्यांची पाळी आली तेव्हा मरीनो अजून शिल्लक होता.

हा मरीनो म्हणजे अगदी गल्लीतला पोरगा. पिट्सबर्गच्या ओकलंड भागात वाढलेला. वडील वर्तमानपत्रांची गाडी चालवायचे. शाळा त्याच भागात, आणि कॉलेज म्हणजे घरापासून चालत जाता येईल असं पिट्सबर्ग विद्यापीठ. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा डाव ज्याच्या हातात असतो तो. 1 जानेवारी 1982 ला शुगर बोल या कॉलेज संघांच्या सामन्यात जॉर्जियाविरुद्ध त्याचा संघ तीन गुणांनी मागं होता, मिनिटभराचाही वेळ उरला नव्हता आणि शेवटचीच संधी होती. त्यानं 33 यार्डांचा पास टाकला आणि सामना 24-20 असा काढला. त्या मोसमात त्याचे 37 टचडाऊन पास होते, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे.

पुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलले आणि त्याचा खेळ उतरला. 17 टचडाऊन, आणि 23 वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. मग कुजबूज सुरू झाली. पोरगा वाया गेलाय, नशापाणी करतो, वगैरे. यातलं काहीही कधी सिद्ध झालं नाही. पण पहिल्या फेरीत एकामागून एक पाच क्वार्टरबॅक गेले आणि हा बसून राहिला.

स्टीलर्सनी टेक्सास टेकचा गॅब्रिएल रिव्हेरा घेतला. बचावातला दांडगा खेळाडू. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. प्रशिक्षक चक नोल यांनी 1969 मध्ये जो ग्रीन नावाच्या बचावपटूला घेऊन बचावापासून जो संघ उभा केला होता, तो म्हातारा होत आला होता, आणि त्यांना परत तसाच पाया घालायचा होता. रिव्हेरा चांगलाच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि तो कायमचा अपंग झाला. त्या पोराच्या दुर्दैवाचा हिशेब कुणी या निवडीत धरू नये, मी धरत नाही.

पण स्वतःच्या क्वार्टरबॅकची स्थिती त्यांना ठाऊक होती. टेरी ब्रॅडशॉ 34 वर्षांचा, ड्राफ्टच्या आदल्या महिन्यात त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झालेली. तो मोसमात एकच सामना खेळला आणि संपला. मरीनोला सत्ताविसाव्या नंबरवर मायामीनं उचललं. दुसऱ्याच मोसमात, 1984 मध्ये, त्यानं 5,084 यार्ड आणि 48 टचडाऊन पास केले; तोवर कुणीही एका मोसमात एवढं केलं नव्हतं. आणि जानेवारी 1985 मध्ये सुपर बोल या अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडं मायामीसमोर कोण यावं? स्टीलर्सच. मायामी 45, पिट्सबर्ग 28. मरीनोचे 421 यार्ड, चार टचडाऊन.

हे शहर याआधीही पोळलं होतं. जॉनी युनायटस हा क्वार्टरबॅकही पिट्सबर्गचाच. 1955 मध्ये स्टीलर्सनी त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि मोसम सुरू व्हायच्या आत काढून टाकलं. तो स्थानिक हौशी संघात एका सामन्याला 6 डॉलर घेऊन खेळला, दुसऱ्या वर्षी बाल्टिमोरला गेला आणि 1958, 1959 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांना मिळवून दिली.

पिकतं तिथं विकत नाही, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. मला ते सोडून देता येत नाही. जो संघ शेजारी बसलाय त्याच्याकडं बाकीच्यांकडं नसलेली एक गोष्ट असते: तो पोराला वर्षभर बघू शकतो. सरावात बघू शकतो, हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी मैदानावर आल्यावर बघू शकतो. पण होतं उलटंच. शेजारच्याला पोराचा खेळ कमी दिसतो आणि त्याच्याबद्दलच्या गप्पा जास्त ऐकू येतात. लांबच्या संघाकडं फक्त त्याचा खेळ पोचतो.

आमच्या कासेगावचा काशिलिंग आडके 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राचे दोन संघ असताना दिल्लीकडून खेळला आणि पहिल्याच मोसमात चढाईत गाजला. मुंबईला तो पुढं बऱ्याच मोसमांनी आठवला.

आता आमच्या कॉलेजातल्या पोराबद्दल. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. डावा कोपरा खेळतो. उंची पाच फूट सहा इंच, वजन 74 किलो. त्याचा चवडा, म्हणजे चढाई करणाऱ्याचा घोटा धरणं, बघायला आजूबाजूच्या मंडळांची पोरं मुद्दाम येऊन बसतात. चढाई करणारा बोनसचा जादा गुण घ्यायला रेषेपलीकडं पाय टाकतो तेव्हा नियमाप्रमाणं त्याचा मागचा पाय हवेत असावा लागतो, म्हणजे त्या क्षणी सगळं अंग एका पायावर. बहुतेक कोपरे तो पाय टेकल्यावर झेपावतात आणि तोवर उशीर झालेला असतो. हा पाय टेकायच्या आधी निघतो, आणि पाय टेकतो तो याच्या दोन्ही हातांच्या मध्ये. धरल्यावर ओढत नाही. खांदा जमिनीला लावून घोट्यासकट आतल्या बाजूला वळतो. समोरचा कितीही उंच असो, त्याला मध्य रेषेकडं हात लांबवायला जागाच राहत नाही. हे मी त्याला शिकवलेलं नाही. मी स्वतः कोपरा खेळलेय आणि मला ते कधी जमलं नाही.

एका व्यावसायिक संघाची माणसं चाचणीला आली होती. आधी उंची मोजली. मग प्रत्येकाला मॅटवर थोडा वेळ. त्याच्या वाट्याला आलेल्या चढायांत समोरचे बोनसला गेलेच नाहीत, नुसते मध्य रेषेपाशी घुटमळून परतले. कोपऱ्यानं करायचं काय? तेवढ्यावर कागद बंद झाला. नंतर कळलं की आपल्याच भागातल्या कुणाला तरी त्यांनी फोन लावून विचारलं होतं. उत्तर मिळालं: गुडघा दुखावलाय, शिवाय तो भरतीच्या मागं आहे, टिकणार नाही. गुडघा धडधाकट आहे. भरतीचं म्हणाल तर आमच्याकडचा प्रत्येक कबड्डीपटू पोलीस भरतीचा फॉर्म भरतो, कारण घरी शेती दीड एकर असते आणि बहीण लग्नाची असते. तो फॉर्म भरणं हा पोराचा दोष कसा होतो? 2023 च्या लिलावात सगळ्यात खालच्या ड गटाची पायाभूत किंमत 9 लाख होती. तेवढी रक्कम दिसली तर कुठला पोरगा भरतीला पळेल?

सगळे संघ असेच वागतात असं मी म्हणत नाही. 2024 मध्ये पुणेरी पलटण विजेती झाली तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार होता, नगर जिल्ह्यातला. संघात मुंबईचा पंकज मोहिते होता. आपली पोरं घेऊन चषक येतो, हे आपल्या डोळ्यांदेखत झालंय. त्याच मोसमाच्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या दोन अंतिम संघांतले 24 खेळाडूही धरले होते. चांगली गोष्ट. पण जो विद्यापीठ संघ अंतिम फेरीपर्यंत जात नाही, त्यात एखादाच पोरगा फार वरचा असेल तर त्याला बघायचं कुणी? ते काम शेजारच्या संघाचंच आहे. पुण्याहून सांगली म्हणजे एका सकाळीचा रस्ता.

आणि मी घरचा म्हणून घ्या असंही म्हणत नाही. स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांनी पुढं आत्मचरित्रात लिहिलं की 2004 मध्ये बेन रॉथलिसबर्गर या क्वार्टरबॅकचं नाव समोर होतं आणि मरीनोसारखा दुसरा खेळाडू हातचा जाऊ द्यायला त्यांचं मन धजेना. तो पोरगा पिट्सबर्गचा नव्हता, ओहायोचा होता. त्याला अकराव्या नंबरवर घेतलं आणि पुढं त्याच्यासोबत दोन सुपर बोल जिंकले. म्हणजे मरीनोची सल त्यांनी एकवीस वर्षं जपली आणि कामाला लावली.

आमच्याकडं चाचणी घेऊन गेलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझं मागणं एवढंच आहे. विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धा पूर्ण बघा, एक सामना नाही. तो ज्या सामन्यात हरतो तो आवर्जून बघा. त्याच्या गुडघ्याबद्दल विचारायचं असेल तर त्याला विचारा, मला विचारा, डॉक्टरचा कागद मागा. आणि मॅटवर उभा कराल तेव्हा समोरच्याला बोनसला जायला सांगा.