४१३००१ च्या पोटात

चादरींच्या पार्सलवर आमच्या दुकानाचा पत्ता मी मार्करने, हातानंच लिहिते. त्यामुळे ४१३००१ हा सोलापूरचा पिनकोड गेली २२ वर्षं माझ्या बोटांत बसलाय.

मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेली, गिऱ्हाईक नाही. लेबलाकडे बघत आठवीतल्या लेकीनं विचारलं, "आई, ही मूळ संख्या असेल का गं?"

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. उरले ४५८८९. याचं मात्र काहीच कळेना. २१४ चा वर्ग ४५७९६, म्हणून २१४ पर्यंतच्या मूळ संख्या लावून बघायच्या. पावतीबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर दोघी आळीपाळीने भागाकार करत गेलो. ७ ला बाकी ४, ११ ला ८, १३ ला १२... ९७ ला पुन्हा ८. पंचवीस मूळ संख्या झाल्या, एकीनंही भाग जाईना. लेक म्हणाली, सोड, मूळच आहे ही. आणि १०९ ला बाकी शून्य! १०९ गुणिले ४२१.

म्हणजे ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१.

मला खरा आनंद पुढे झाला. १०९ म्हणजे १० आणि ३ यांच्या वर्गांची बेरीज. ४२१ म्हणजे १४ आणि १५ यांच्या, अगदी शेजारशेजारच्या वर्गांची! ४ ने भागल्यावर बाकी १ उरते अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, हे फ्रेंच गणिती फर्मा यानं १६४० मध्ये पत्रात लिहिलं. सिद्धता स्विस गणिती ऑयलरनं दिली, शंभरएक वर्षांनी. अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांत मांडता येतो, हे आपल्या जुन्या गणिती ब्रह्मगुप्ताच्या सूत्रातून निघतं. आमच्या दोन मूळ संख्यांवर ते चालवलं, निघालेल्या प्रत्येक संख्येला ३ ने गुणलं (पिनमध्ये ३ × ३ आहे म्हणून), आणि दोन जोड्या मिळाल्या: ५७६ व २८५, ५५५ व ३२४. तिसरी जोडी नाहीच.

मागावरच्या घरात वाढल्यामुळे मला हे कापडातच दिसतं. ५७६ उभे, ५७६ आडवे धागे असलेला एक चौकोन, २८५ चा दुसरा. दोन्हींत मिळून धागे एकमेकांना जितक्या ठिकाणी ओलांडतात, त्या जागा बरोबर ४१३००१. ५५५ आणि ३२४ चे चौकोन विणले तरी तितक्याच. लेकीनं हातानं ताळा केला: ३०८०२५ अधिक १०४९७६. जुळलं.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते. त्यांनी अंक भूगोलावरून दिले, चौकोन आपोआप आले.

पुढचं पार्सल कोल्हापूरचं होतं, ४१६००१. लेकीनं बेरीज केली, १२. ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ३ ला ४ ने भागलं की बाकी ३, आणि असा मूळ अवयव एकटा राहिला की दोन वर्ग जमतच नाहीत. आमच्या पिनमध्ये ३ दोनदा आहे, म्हणून जमलं. कोल्हापूरसाठी एकही भागाकार करावा लागला नाही.