रजिस्टरात नसलेल्या गोळ्या

मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकची चिठ्ठी आमच्या तालुक्याच्या मेडिकलवर रोज येत नाही. त्या दिवशी ती घेऊन आला तो आमच्याच गल्लीतला पोरगा. "आईला ॲडमिट केलंय भाऊ. थंडी वाजून ताप येतोय. दर आठ तासांनी हे इंजेक्शन."

सोबत लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू तपासणीचा रिपोर्ट होता. जंतू ई. कोलाय. खाली औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे एकेक अक्षर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झिम आर, सेफ्ट्रायाक्झोन आर. आर म्हणजे जंतू दाद देत नाही. एस म्हणजे दाद देतो. तो एस दिसायला पार तळाशी जावं लागलं.

"सेफिक्झिम म्हणजे मी न्यायचो तीच ना?"

तीच. "आईला पुन्हा जळजळतंय, त्या हायपॉवरच्या दोन द्या, मागे लगेच गुण आला होता." असं वर्षभरात तीन-चारदा तरी झालं असेल. मी दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीनं दोन कापून द्यायचो. मागची उभी लाल रेघही त्यात कापली जायची. चिठ्ठीशिवाय हे औषध नको, असं सांगणारी ती रेघ. तिचं पोस्टर माझ्याच दुकानात आहे, कॅलेंडरच्या मागे.

मेरोपेनेम एच-१ या सरकारी यादीतलं. मार्च २०१४ पासून त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं. पोराच्या आईचं, म्हणजे आमच्या मावशींचं नाव लिहिलं आणि हात आपोआप मागची पानं उलटू लागला. सेफिक्झिमही त्याच यादीत येतं. पण मावशींचं नाव मागे कुठेच नव्हतं. कसं असेल? चिठ्ठी त्यानं आणली नव्हती, मी मागितली नव्हती.

माझ्याच गोळ्यांनी हा जंतू चिवट झाला, असं छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही. तो कुठूनही आलेला असू शकतो. पण दोन गोळ्यांत जळजळ थांबते, कच्चे जंतू मरतात आणि मुरलेले मागे राहतात, हे मी डी. फार्मला शिकलोय. परीक्षेत लिहिलंयसुद्धा.

"हे तरी लागू पडेल ना?" पोरानं विचारलं. मी एसवर बोट ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मावशी घरी आल्या. मीच भेटायला गेलो. हातावर सलाईनचा काळानिळा डाग होता. म्हणाल्या, "दवाखान्यानं पार पिळून काढलं रे. त्यापेक्षा तुझ्या दोन गोळ्याच बऱ्या होत्या."