बातमी आधी बाईला

बुधवार, रात्री

सोनोग्राफीत पोटातल्या बाळाचे ठोके दिसत नाहीत तेव्हा पहिला घोळ होतो तो गप्प बसण्याचा. पोटावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, फिरत राहतो, कुणी बोलत नाही आणि बाई आपला चेहरा वाचत राहते. म्हणून जेल लावतानाच सांगून ठेवावं, "मी आधी नीट बघते, मधे बोलणार नाही, मग सगळं सांगते."

आधी स्वतःची खात्री. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा गर्भाच्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिमी किंवा जास्त असून आत गर्भच नाही, तरच गर्भ गेला म्हणायचं. त्याच्या खाली असेल तर ७ ते १४ दिवसांनी पुन्हा. ही मधली वाट पाहणं घरच्यांना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी ते जळगाव नाहीतर धुळ्याला दुसरी सोनोग्राफी करून येतात आणि एका दिवसात काहीच बदललेलं नसतं. "आज नक्की सांगता येत नाही" एवढं बोलून तारीख लिहून द्यावी.

आपल्याकडे पहिल्या खेपेला पोर माहेरी, सोबत आई, नवरा सुरतेला कामावर. नर्स सवयीने आईला पॅसेजमध्ये बोलावते. तिथून रडण्याचा आवाज आला की आत टेबलावरची बाई विचारते, "काय व्हयनं?" ही पद्धत मोडायलाच हवी. तिला पोट पुसू द्यावं, उठून बसू द्यावं, कोण जवळ हवं ते तिलाच विचारावं. नवरा फोनवर चालेल. मग सरळ वाक्य: "बाळाचे ठोके बंद पडलेत, बाळ गेलंय." "थोडा प्रॉब्लेम आहे" म्हटलं की ती औषध मागते. त्यानंतर आपण थांबायचं. ती बोलेपर्यंत.

धडगाव-अक्कलकुव्याकडची बाई असेल तर पावरी किंवा भिली बोलणारी आशा सेविका सोबत घ्यावी, पण एकेक वाक्य सांगून. लांबलचक सांगितलं की आशा मायेपोटी त्यातलं कडू गाळून टाकते. याच पट्ट्यात सिकलसेल, हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, आहे. दोघंही वाहक निघाले तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के; "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली" असा हिशेब घरात मांडला जातो, तो तिथेच खोडावा.

बाळात व्यंग दिसलं तर गर्भपातासाठी आठवडे मोजावे लागतात. व्यंगाची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी, पण ऊसतोडीहून परतलेली बाई तेविसाव्यात येते. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं; त्यापुढे गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळ, आणि त्यांनी अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. हे सासूसमोरच सांगावं. ग्रहणात विळी धरल्याने ओठ फाटत नाही, हेसुद्धा तिच्याचसमोर. कुणी विचारायची वाट बघू नये.

जाताना कागदावर: पुन्हा कधी यायचं, कुठे, कुणाला फोन. सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजले तर लगेच निघायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी, म्हणजे पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन. आणि उशिराच्या महिन्यात बाळ गेलं असेल तर दोन-चार दिवसांत दूध येईल, हे आधीच सांगायचं. नेमकं हेच राहून जातं.