पंख्याखालची जमीन

देवासजवळ जामगोदच्या टेकड्यांवर नव्वदच्या दशकात उभे राहिलेले पवनचक्क्यांचे पंखे आता कुणाला खुपत नाहीत. त्या पिढीची यंत्रं २२५ ते ६०० किलोवॅटची, खांब ३० ते ५० मीटरचे. टेकडी टेकडीच राहिली आणि पंखे तिच्या डोक्यात खोचलेल्या तुऱ्यासारखे दिसले. नव्या यंत्रांनी हे माप मोडलं. २.१ मेगावॅटच्या यंत्राचं हब, म्हणजे पाती जोडलेला मधला तुंबा, १२० मीटरवर आणि पातं ५५ मीटरचं धरलं, तर पात्याचं टोक १७५ मीटरवर पोचतं. देवासची माताजीची टेकरी पायथ्यापासून सुमारे १०० मीटर. असा पंखा आसपास आला की टेकरीच बुटकी वाटायला लागते. हे मला आवडत नाही, आणि याची भरपाई कुठल्याच करारात मिळत नाही. तरी ‘पंखा नको’ असंही तोंडातून निघत नाही. बरड, कोरडवाहू जमिनीला पाऊस पडो न पडो ठरलेलं भाडं देणारं दुसरं पीक मी पाहिलेलं नाही.

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात राहून देवास-शाजापूरकडची शेती बटाईनं लावणारे आपल्यात पुष्कळ. त्यांना पवनचक्की कंपनीचा माणूस नकाशावर एक ठिपका दाखवतो, पंख्याच्या जागेचा. सही ठिपक्यावर होते. जमीन मात्र रेघांखाली जाते. एक रेघ रस्त्याची, दुसरी तारांची.

ठिपक्याचं काम तसं स्वच्छ असतं. पाया १८-२० मीटर व्यासाचा, तीनेक मीटर खोल. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात फाटते, म्हणून ती काढून खालच्या मुरमावर किंवा खडकावर बसावं लागतं. चारशे-साडेचारशे घनमीटर काँक्रीट एका दमात ओततात, कारण मध्ये थांबलं तर जुना थर आणि नवा थर एकजीव होत नाहीत. सहा घनमीटरचा एक मिक्सर, म्हणजे सत्तरेक खेपा. नंतर पाया मातीनं झाकतात आणि वर खांबाचं बूड तेवढं दिसतं. इथे एकच गोष्ट भांडून घ्यायची: वरची फूटभर काळी माती वेगळ्या ढिगात ठेवायची आणि शेवटी वरच पसरायची. नाहीतर खालचा मुरूम शेतावर पांगतो आणि तेवढ्या तुकड्यात गहू वर्षानुवर्षं वीतभरच राहतो.

खरं दुखणं रस्त्याचं. ५५ मीटरचं पातं एकसंध येतं, त्याला जोड नसतो. त्यामुळे सरळ भागात पाच-सहा मीटरची रुंदी पुरते, पण वळणावर ट्रेलरची शेपटी बाजूच्या शेतावरून फिरते आणि मेढेवरची, म्हणजे शेताच्या हद्दीवरची, बाभूळ, कडुलिंब आधी जातात. जड क्रेनसाठी मुरूम दाबून रस्ता शेतापेक्षा फूट-दीड फूट उंच करतात. काम एप्रिल-मेमध्ये, म्हणजे उतारावर पाण्याचा थेंब नसताना. जुलैत तोच रस्ता बांध होतो. वरच्या अंगाला पाणी साचतं, सोयाबीनची मुळं गुदमरतात, आठवड्याभरात पानं पिवळी. पाणी उतरलं तरी तो पट्टा मागेच राहतो.

उपाय अवघड नाही. प्रत्येक सखल जागी ६०० मिलिमीटरचा ह्यूम पाईप (सिमेंटचा) हवा, तोंडाशी दगडी पिचिंग, म्हणजे बसवलेले दगड, आणि पाईपचं बूड शेताच्या पातळीला. ३०० मिलिमीटरचा एखादा पाईप टाकून मोकळे होतात, तो पहिल्याच पावसात गाळ-काडीनं तुंबतो. सखल जागा खसऱ्याच्या (जमिनीच्या सर्व्हे नंबरांच्या) नकाशात सापडत नाहीत, त्या बटाईदाराला पाठ असतात. सीमांकनाच्या दिवशी पटवाऱ्याबरोबर त्यालाही उभं करा आणि पाईपची संख्या व जागा कागदावर घ्या. क्रेन एकदाच येते असंही समजू नका. पुढे कधी गिअरबॉक्स उतरवायचा झाला तर पुन्हा येते, आणि तेव्हा शेतात गहू उभा असू शकतो. त्या वेळच्या पीक-नुकसानीचा दर आजच लिहून घ्यावा.

तारांची रेघ. यंत्रातली वीज ६९० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर ती ३३ केव्हीवर (३३ हजार व्होल्टवर) नेतो आणि पुढे खांब लागतात. खांब मेढेवरून न्यायचे की शेताच्या मधून, यावर पुढली वीस-पंचवीस वर्षं ठरतात. मधल्या खांबाची ताणाची तार हार्वेस्टरला आडवी येते आणि भोवतीचा तुकडा हातानं कापावा लागतो. केंद्राची जमीन-भरपाईची मार्गदर्शक तत्त्वं ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाइनसाठी आहेत. ३३ केव्हीच्या खांबाचं जे काय असेल ते करारातच ठरवा.

घरापासूनचं अंतर केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत ५०० मीटर आहे, आवाजासाठी. दिवसा आवाज विशेष जाणवत नाही. रात्री खाली वारा पडतो, वर चालूच असतो, आणि मग पात्याची ‘सुऽप-सुऽप’ अंगणात येते. सावलीचं दिशेवर आहे. पंखा घराच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर सूर्य खाली असताना, मिनिटाला १३ फेऱ्या आणि तीन पाती या हिशेबानं, मिनिटाला ३९ वेळा सावली ओसरीवरून जाते. घराच्या उत्तरेला पंखा असेल तर हा त्रास बहुधा नसतो.

एक विसंगती मात्र दरवर्षी टोचते. आपल्याकडे वारा भरतो मे ते सप्टेंबर, म्हणजे विहिरीवरच्या मोटारी बंद असताना. गव्हाच्या पाण्याला वीज लागते त्या नोव्हेंबर-फेब्रुवारीत पंखे बरेचसे आळसावलेले. वाऱ्याचा वेग अर्धा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्शावर येते. म्हणून ‘पंखा आमच्या शेतात आणि रात्री अंधार आमच्याच घरी’ ही तक्रार भावनेची म्हणून सोडून देता येत नाही. त्याच पावसाळी महिन्यांत खरमोर पक्षी माळावर उड्या मारत मादीला बोलावतो. सैलाना आणि सरदारपूरची अभयारण्यं १९८३पासून त्याच्याचसाठी आहेत. माळावरून तारा नेताना ते तरी लक्षात असावं.

आणि करारातलं शेवटचं कलम. पंखा वीस-पंचवीस वर्षांनी उतरतो. खांबाचं पोलाद भंगारात विकलं जातं, फायबरच्या पात्यांना कुणी विचारत नाही. पाया किमान एक मीटर खोलीपर्यंत फोडून वर काळी माती भरायची, पाती उचलून न्यायची, आणि या खर्चाची बँक गॅरंटी आधी ठेवायची. बहुतेक मसुद्यांत हे ‘जमीन पूर्ववत करून दिली जाईल’ एवढ्यावर उरकलेलं असतं. ‘पूर्ववत’च्या पुढे मीटर लिहून घ्या.