डिस्चार्ज बुक ते डीएमएलटी: फौजेतून आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये

आर्मी मेडिकल कोअरमधून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, तेव्हा आरमोरीत सगळ्यांनी धरूनच चाललं की मी आता धानाची शेती बघणार. लखनौच्या सेंटरला लॅबचं काम शिकलो, लेह पाहिलं, शेवटची पोस्टिंग कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात. मला मायक्रोस्कोप सोडायचा नव्हता.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी सोपी गेली. राज्याच्या गट क भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, पण जाहिरातीत पदविका मागितलेली, आणि माझ्या डिस्चार्ज बुकात फक्त ‘लॅब असिस्टंट’. खिडकीतल्या बाबूंनी पान उलटंपालटं केलं. ‘‘हे कंपाउंडरसारखं असते का जी?’’ वाद घालण्यात अर्थ नव्हता. नागपूरला डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, केली; वर्गातली पोरं मला काका म्हणायची आणि प्रॅक्टिकलला माझ्याच टेबलाभोवती गोळा व्हायची. मग पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी जागा. पगाराबद्दल न बोललेलं बरं. पेन्शन आहे म्हणून निभतं.

काम मात्र उलट्या टोकाचं. लेहला साडेअकरा हजार फुटांवर जवानाचं हिमोग्लोबिन 18 आलं तरी नवल नसायचं, विरळ हवेत लाल पेशी वाढतातच. इथे गरोदर बाईचं 7 येतं, आणि त्यातच सिकलसेल शोधायचा असतो, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये डायथायोनाइटच्या द्रावणात थोडं रक्त घालून ट्यूबमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणाने झाकल्या तर पॉझिटिव्ह. पण अंगात रक्तच कमी असेल, तर सिकल असूनही रेघा दिसत राहतात. म्हणून अशा वेळी मी ट्यूबमध्ये दुप्पट रक्त घालतो. सहा महिन्यांखालच्या बाळावर तर ही टेस्ट करतच नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, उत्तर फसवं येतं.

2023 च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी, त्यामुळे आश्रमशाळांच्या व्हरांड्यात रांगा लागल्या. फौजेतल्या मेडिकलची सवय इथे कामी आली: आधी नाव, मग नंबर, मग सुई. ट्यूबवर नंबर नसेल तर नमुना परत.

फोनवर विचारणाऱ्या जवानांना एकच सांगतो. युनिट सोडण्याआधी कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं पत्र घ्या, कोणत्या तपासण्या केल्या, कोणती मशीन चालवली, सगळं त्यात लिहून. घरी आल्यावर ते मागवत बसायचं म्हणजे नुसता टपालखर्च.

सोल्युबिलिटी टेस्टवरून वाहक (आजाराचा जीन आहे, पण स्वतः आजारी नाही) कोण आणि रुग्ण कोण ते कळत नाही, त्यासाठी नमुना एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या मशीनवर, जातो. गरोदर बाई वाहक निघाली की नवऱ्याला बोलवायचं. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के. नवरा बहुतेक वेळा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. आशाताईंना सांगून ठेवतो, ‘‘आला की घरी टेकू देऊ नका, आधी इकडे धाडा.’’